आश्विनात आकाश हलतं

पाऊस गेला. बेलापूरच्या टेकडीवरचं गवत पिवळं पडायला लागलंय. खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या चिखलाचा वास आहे आणि खाली सोसायटीत गरब्याच्या स्पीकरची चाचणी चाललीय. "हॅलो, हॅलो, माइक चेक." दुपारचं ऊन चटके देतं, तरी लोकांना हा ऋतू आवडतो. त्या उन्हाला सुट्टीचा, नव्या कपड्यांचा वास असतो. मला मात्र या दिवसांत संध्याकाळ झाली की घरात बसवत नाही. मी गच्चीवर जाते.

पश्चिमेला, खाडीच्या पलीकडे, सूर्य ट्रॉम्बेच्या डोंगरामागे उतरतो. आकाश आधी केशरी, मग जांभळं, मग शाईसारखं होतं. ढग औषधालाही नसतो. गच्चीवर आलेली माणसं मोबाइल वर धरून फोटो काढतात. परवा तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "काय सुंदर आकाश आहे नाही आज!" मी हो म्हटलं. सुंदर होतंच. त्याच आकाशात, ढगांची वस्ती संपते त्याच्याही कितीतरी वर, तेव्हा काहीतरी उकळायला लागलं होतं, हे त्यांना सांगून काय उपयोग? ते डोळ्यांना दिसत नाही. त्याला आवाज नाही, वास नाही. आमच्या धंद्यातल्या माणसांना ते फक्त पडद्यावर कळतं, तेही आकडे वेड्यासारखे वागायला लागले की.

मी समुद्रात अंतरं मोजते. लग्न होऊन नेरूळला आले तेव्हा हे ऐकून सासूबाईंनी विचारलं होतं, "समुद्रात कसली गं अंतरं? तिथे काय मैलाचे दगड असतात?"

खरं तर त्यांनी बरोबर जागी बोट ठेवलं होतं. जमिनीवर माणूस टेपचं एक टोक धरून उभा राहू शकतो. समुद्रात सगळंच हलतं. पाणी हलतं, बोट हलते, बोटीवरचा माणूस हलतो. म्हणून आम्ही वर बघतो. वरचा उपग्रह एवढंच सांगत असतो की हा संदेश मी अमुक क्षणी सोडला. तो आपल्यापर्यंत पोचायला किती वेळ लागला त्यावरून त्याचं अंतर निघतं. अशा चार-सहा उपग्रहांची अंतरं जुळवली की आपण कुठे आहोत ते कळतं. त्यात राहून गेलेली चूक काढायला किनाऱ्यावर एक रिसीव्हर ठेवतात. त्याची जागा आम्हाला पक्की ठाऊक असते, त्यामुळे आकाश आत्ता किती खोटं बोलतंय ते त्याला समजतं आणि तो ते समुद्रातल्या रिसीव्हरला कळवत राहतो. सगळं सुरळीत असलं तर हेलकावे खाणाऱ्या बोटीची जागा मी वीतभराच्या फरकानं सांगू शकते. नोकरीत पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा अंगावर काटा आला होता. चहूकडे पाणीच पाणी, धरायला काही नाही, आणि तरी आपल्याला आपली जागा माहीत आहे.

पण वर्षातून दोन ऋतू असे येतात की सगळं सुरळीत राहत नाही. एक होळीच्या आसपास आणि दुसरा हा, आश्विनातला. दिवस आणि रात्र सारखी होण्याचा हा काळ. वातावरणाचा अगदी वरचा थर दिवसभर उन्हानं भारलेला असतो. सूर्य बुडाल्यावर तो शांत व्हायच्या ऐवजी खदखदायला लागतो. त्यात बुडबुडे उठतात, एकेक बुडबुडा आपल्या अख्ख्या जिल्ह्याहून मोठा. उपग्रहाचा संदेश त्यातून येताना थरथरतो, अडखळतो, कधी हरवतोच. चुलीच्या धगीपलीकडे बसलेला माणूस हलताना दिसतो ना, तसं आमच्या लेखी अख्खं आकाश हलतं. तास-दोन तास, कधी जास्त. मग पुन्हा सगळं जागच्या जागी. सूर्यावर डाग वाढतात त्या वर्षांत हा ऋतू जोरात येतो.

हरेश गेला तो अशाच एका वर्षी.

हरेश सारसोळ्याचा. नेरूळच्या टॉवरांच्या मधोमध हे कोळ्यांचं गाव अजून आहे. रस्त्यावरून जाताना लक्षात येत नाही, पण एका वळणावर अचानक सुकटीचा वास येतो, दारात जाळ्यांचे ढीग दिसतात आणि घरांची दारं रस्त्याच्या इतकी जवळ येतात की आतला टीव्ही ऐकू यावा. त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या खाडीतली मासेमारी. खाडीतली मासळी कमी होत गेली तसा तो टगबोटींवर कामाला लागला आणि वाढत वाढत टग चालवणारा तांडेल झाला. टग म्हणजे मोठी जहाजं आणि बार्ज ओढणारी, ढकलणारी छोटी दणकट बोट. तो पन्नाशीला टेकलेला, अंगानं सुका, मानेवर उन्हानं पडलेल्या रेघा. बोलणं सगळं गावाकडचं. त्याच्या तोंडी 'सोडू'चं 'सोरू' व्हायचं आणि 'काळं'चं 'कालं'.

त्याच्या बायकोला, रंजनावहिनीला, मी त्याच्याही आधीपासून ओळखत होते. नेरूळच्या मच्छी मार्केटात ती बसायची. "ये बाय, तुला म्हनून बोंबील वेगलं ठेवलंय," असं ती प्रत्येकीला सांगायची आणि प्रत्येकीला ते खरं वाटायचं. हा तिचा नवरा हे मला फार उशिरा कळलं. आम्ही एकत्र काम करायचो त्या बार्जवर एकदा त्यानं डबा उघडला आणि वाटणाचा वास ओळखीचा वाटला म्हणून मी विचारलं. तर म्हणाला, "आमची रंजना. मार्केटात बसते. तुमी तिच्याकरनं घेता? मंग तुमाला ती लुटत असंल!" आणि स्वतःच खो खो हसला.

काम उरणच्या पलीकडे, बंदराच्या तोंडाबाहेर होतं. समुद्राच्या तळाशी नवी पाइपलाइन टाकायची होती. ती टाकणारा बार्ज म्हणजे एक तरंगतं पठार. त्याला स्वतःचं इंजिन नसतं. चार कोपऱ्यांतून चार नांगर लांब लांब टाकायचे आणि त्यांच्या तारा खेचत-सोडत पुढे सरकायचं. एकेक नांगर हरेशची टग मागच्या बाजूला लटकवून घेऊन जायची आणि आम्ही सांगू तिथे सोडायची. त्या पट्ट्यात तळाशी आधीच एक जुनी गॅसची लाइन होती, तिच्यात गॅस वाहत होता. तिच्या शेजारून वीज नेणारी जाड केबल. नांगराला या दोघींच्या मधली जागा तेवढी मोकळी. कागदावर ती बरी दिसायची. वरून पाण्याकडे बघितलं की वाटायचं, काळ्या चादरीखाली सुई टोचायची आहे आणि खाली मूल झोपलंय.

टगच्या डोलकाठीवर माझा एक अँटेना होता आणि बार्जवर दोन. टग कुठे आहे ते बार्जवरच्या केबिनमध्ये माझ्या पडद्यावर दिसायचं. मी वायरलेसवर सांगायची, "दादा, थोडं डावीकडे. अजून. बस. सोडा." तिकडून आवाज यायचा, "सोरला." मग तळाशी एक बोजड वस्तू जाऊन बसायची आणि मी श्वास सोडायची. किती वेळा हे केलं असेल, मोजलं नाही.

त्या वर्षी दसऱ्याला त्यानं टगच्या इंजिनाची पूजा केली. झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. मग डोलकाठीवर चढून माझ्या अँटेनालाही हळद-कुंकू लावून आला.

"दादा, कुंकू पुसा हां ते, सिग्नलला अडथळा होईल," मी गमतीत म्हटलं.

"मॅडम, हा वरच्याशी बोलतो ना? मंग याला नको नमस्कार?"

त्याला मी आकाशातल्या उकळीबद्दल सांगितलं होतं. खलाशांबरोबर बसवून, चहाच्या ग्लासातली वाफ दाखवत. त्यानं लक्ष देऊन ऐकलं. त्याच्या पिढीनं होकायंत्र, मग मोबाइलवरचा नकाशा, मग माझी यंत्रं, असं सगळं पचवलं होतं. यंत्रावर त्याचा राग नव्हता, भाबडा विश्वासही नव्हता. त्यानं फक्त विचारलं, "म्हंजे सांज झाली की तुमचा आकडा पिलेला असतो?"

"तसंच समजा."

"मंग सांजचं काम नको."

तसंच ठरलं होतं. बार्जचे प्रमुख सावंतसाहेब होते. मालवणकडचे, तोंडानं फटकळ पण कामात चोख. त्यांनीही मान्य केलं होतं की त्या दिवसांत सूर्य बुडायच्या आत नांगराचं काम संपवायचं. दसऱ्यापासून आम्ही तसंच करत आलो. संध्याकाळी मी केबिनमध्ये बसून पडद्यावर उपग्रह एकामागून एक डळमळताना बघायची. बार्ज जागचा हलत नसे आणि पडद्यावर तो पाण्यावर चालायला निघाल्यासारखा सरकायचा. सुरुवातीला हे बघायला मजा वाटायची. नंतर नंतर मी ते बघायचं बंद केलं. आपण जिथे बसलोय तिथे आपण नाही असं तो पडदा शांतपणे सांगत राहायचा.

कोजागिरी होऊन गेली होती. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार होतोय अशी सूचना आली. या महिन्यात असं होतं कधीकधी. सूचना म्हणत होती की पट्टा लांब आहे आणि किनाऱ्यावर वारा उद्या वाढेल. पण लाट वाऱ्याच्या आधी येते. सकाळी समुद्र तेलासारखा गुळगुळीत होता आणि त्या गुळगुळीत पाण्याखालून लांबलचक फुगवटे येत होते, एकामागून एक, कसलाही आवाज न करता. हरेश टगच्या कठड्याला टेकून ते बघत होता.

"काय म्हणतोय समुद्र?" मी वायरलेसवर विचारलं.

"कायच बोलत नाय. तेच आवरत नाय मला."

वाऱ्याच्या आधी बार्ज पक्का करायचा तर नैर्ऋत्येकडचा नांगर उचलून आणखी लांब टाकणं भाग होतं. दुपारी तीनलाच ते काम संपलं असतं. पण नांगर वर खेचणारी विंच अडली. फिटर तिच्यात हात घालून बसले. ऊन कलायला लागलं. बार्जच्या पत्र्यावरून उष्णतेच्या वाफा निघत होत्या आणि पश्चिमेला क्षितिजावर एक राखाडी रेघ दिसायला लागली होती. विंच सुरू झाली तेव्हा सूर्य त्या रेघेला टेकला होता.

सावंतसाहेब माझ्या केबिनच्या दारात आले. "मॅडम, किती वेळ मिळेल?"

"सूर्य गेल्यावर थोडा वेळ असतो. एकदम बिघडत नाही. लगेच निघाले तर होईल."

"आणि उद्या सकाळी केलं तर?"

त्याचं उत्तर त्यांनाही ठाऊक होतं. वारा त्या बाजूनं येणार होता. तो नांगर लांब बसला नाही तर बार्ज सगळे नांगर ओढत जुन्या गॅसच्या लाइनवरून जाणार. बार्जवर आम्ही कितीतरी माणसं होतो, त्यातली निम्मी त्या वेळी जेवायच्या रांगेत उभी होती.

टग नांगर घेऊन निघाली. तिच्या मागच्या बाजूला एवढं वजन लटकलं की नाक वर उचललं जायचं आणि मागचा डेक पाण्याला लागायचा. फुगवटा आला की डेकवरून पाणी फिरून जायचं. मी पडद्यावर टगचा ठिपका बघत होते. सगळं ठीक होतं. ठिपका ठरलेल्या जागेकडे सरकत होता आणि मी म्हणत होते, "चला दादा, सरळ. सरळ."

आणि मग ठिपका थरथरला. आधी थोडासा. मग तो एका बाजूला सरकला, परत आला, आणि दुसऱ्या बाजूला सरकून तिथेच थांबला. किनाऱ्यावरच्या रिसीव्हरचे आकडेही पिसाटले होते. म्हणजे यंत्र बिघडलं नव्हतं. आकाश हललं होतं, आणि त्या दिवशी ते रोजच्यापेक्षा लवकर हललं.

"सोरू का, मॅडम?"

"थांबा."

पडद्यावर टग आता थेट गॅसच्या लाइनवर होती. दुसऱ्या क्षणी केबलच्या पलीकडे. यातलं खरं कुठलं, की तिसरंच काही? रडार होतं, पण त्याच्या पडद्यावर टग म्हणजे बोटाच्या पेराएवढा डाग. त्यानं सुई टोचता येत नाही. लेझरनं अंतर मोजायचा प्रयत्न केला तर उडणाऱ्या तुषारांत किरण परत येईना.

"मॅडम," सावंतसाहेब माझ्या खुर्चीमागे उभे होते, "काहीतरी आकडा द्या."

"आकडा आहे साहेब. खरा नाहीये."

"पडद्यावर तर दिसतोय!"

"तो नेहमीच दिसतो."

  वाऱ्याची पहिली झुळूक आली ती थंड होती आणि तिला पावसाचा वास होता. बार्जवरचे फ्लडलाइट लागले. त्यांच्या उजेडात टगचा मागचा डेक पांढऱ्या फेसाखाली जाताना, वर येताना, परत जाताना दिसत होता.

"मॅडम, पानी चरतंय मागं. सोरू का?"

"थांबा, दादा. तुम्ही कुठे आहात ते मला कळत नाहीये."

वायरलेस खरखरला. मग तो म्हणाला, "बरं. थांबतो."

इतकंच. त्यानं वाद घातला नाही. त्याच्या हातात कळ होती, तो कधीही नांगर सोडून मोकळा होऊ शकत होता. एवढं वजन मागे घेऊन त्या फुगवट्यांत परत वळणं आणखी धोक्याचं होतं. त्याच्याबरोबर दोन खलाशी होते, पायाखाली पाणी चढत होतं. आणि खाली काय आहे ते त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. मी पडद्याला डोळे चिकटवून बसले होते. उपग्रह येत होते, जात होते.  प्रत्येक वेळी तो विचारायचा आणि मी 'थांबा' म्हणायची, आणि प्रत्येक 'थांबा' त्याच्या डेकवर थोडं आणखी पाणी ओतत होता, हे मला दिसत होतं.

उकळी अधूनमधून विसावते. तशी ती विसावली. आकडे एकेक करून जागेवर आले, किनाऱ्याचा रिसीव्हर शांत झाला, ठिपका स्थिर झाला. टग मोकळ्या जागेच्या कडेला होती. "दादा, उजवीकडे घ्या. हळू. हळू... बस. सोडा!"

"सोरला!"

नांगर गेला. तो जिथे बसायला हवा होता तिथेच बसला. नंतर पाणबुड्यांनी जाऊन बघितलं. केबिनमध्ये कोणीतरी टाळी वाजवली. सावंतसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्यानंतरचं सगळं फार पटकन झालं. वारा एकदम आला, शिवी दिल्यासारखा. बार्ज जागेवरच फिरला. नांगराची तार त्याच्याबरोबर वळली आणि टगच्या कठड्याला अडकली. टगच्या मागच्या भागात पाणी भरलेलं होतंच. तारेनं तिला आडवं खेचलं. ती कलली, क्षणभर तशीच राहिली, आणि मग एखादा माणूस कुशीवर वळावा तशी वळली. तिचा तळ आम्हाला दिसला. लाल रंग होता त्याला. तो रंग मी तोवर कधी बघितला नव्हता.

दोघे खलाशी बाहेर फेकले गेले. बार्जची छोटी बोट त्यांच्याकडे धावली आणि दोघांनाही उचललं. हरेश सुकाणूच्या खोलीतून शेवटी बाहेर आला. भरती लागली होती. पाणी टगकडून बार्जच्या कडेनं बंदराकडे चाललं होतं आणि त्याला घेऊन आलं. तो फ्लडलाइटच्या उजेडात शिरला, नारिंगी जॅकेट घातलेला, एक हात वर केलेला. आम्ही सगळे कठड्याशी होतो. सगळे ओरडत होते. सावंतसाहेबांनी स्वतः दोर बांधलेली रिंग फेकली. ती कमी पडली. दुसरी फेकली, तीही कमी पडली. वारा समोरून होता. उजेड जिथे संपत होता तिथे तो गेला, आणि पाऊस आला.

मी केबिनमध्ये धावले आणि ती जागा पडद्यावर पक्की केली, शोधायला येणाऱ्यांना देण्यासाठी. यंत्रात त्यासाठी एक बटण असतं. ते दाबलं तेव्हा आकाश परत हलायला लागलं होतं. मी खूण केली आणि ती खूण माझ्या डोळ्यांदेखत सरकली. मी मग बार्जच्या जागेवरून, भरतीच्या वेगावरून, कागदावर पेन्सिलीनं हिशोब करून जागा दिली. शोधणारे आले, वाऱ्यापावसात फिरले. सारसोळ्याहून त्याच्या भावकीच्या बोटी निघाल्या होत्या, त्यांना वाटेतून परत फिरावं लागलं. वादळ सरल्यावर तो मांडव्याच्या बाजूला सापडला.

चौकशी झाली. विंच का अडली, वारा सांगितल्यापेक्षा लवकर कसा आला, टगला अशा लाटेत पाठवायला हवं होतं का, हे सगळं विचारलं गेलं. मला विचारलं की थांबा का म्हणालात. मी आकडे समोर ठेवले. ते बघून त्यांनी माना डोलावल्या. त्या वेळी नांगर सोडला असता तर तो लाइनवर पडला असता, असं त्यांच्या तज्ज्ञांनीही काढलं. मी चुकले असं मला आजही वाटत नाही. तोच समुद्र, तीच संध्याकाळ परत आली तर मी परत थांबा म्हणेन. रात्री झोप लागायला याचा काही उपयोग होत नाही, ती गोष्ट वेगळी.

सावंतसाहेबांनी नोकरी सोडली, गावी काजूची बाग बघतात. पाइपलाइन पुरी झाली. ती आता तळाशी आहे, तिच्यातून रोज काहीतरी वाहतं आणि कुठल्यातरी शहरात कोणाची तरी शेगडी पेटते. मी अजून हेच काम करते. मध्ये एक दिवस नव्या मुलांना शिकवताना मी म्हटलं, "सूर्य बुडाला की हात काढून घ्यायचे." एकानं विचारलं, "मॅडम, पण आता नवे रिसीव्हर खूप चांगले आहेत ना?" आहेत. खूप चांगले आहेत. वरचं आकाश तेच आहे.

हरेशच्या दिवसकार्याला मी गेले होते. बायकांच्या घोळक्यात रंजनावहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. त्यानंतर मी मार्केटच्या त्या बाजूला जायचं टाळलं. मासे वाशीहून आणायची, नाहीतर आणायचीच नाही. ती परत बसायला लागली असं कानावर आलं होतं.

यंदा नवरात्र बसायच्या आधीच्या रविवारी पाय त्या बाजूला वळले. का ते सांगता येणार नाही. सकाळची गर्दी होती, बर्फाचं पाणी पायाखाली वाहत होतं. मी तिच्या ओट्यासमोरून मान खाली घालून चालले होते.

"बाय. इकरं ये."

ती थकली होती. केस पांढरे झाले होते, पण कानातलं, नाकातलं तसंच. तिच्या हाताखाली हलवा मासा अर्धा कापलेला होता. मी समोर उभी राहिले. तिनं शेजारच्या गिऱ्हाइकाला "जरा थांब गो" म्हणून बाजूला केलं आणि सुरी हातात तशीच धरून बोलायला लागली.

"मला सगल्यांनी सांगितलं. हापिसवाल्यांनी, पेपरवाल्यांनी, भावकीच्या पोरांनी. कोन बोलतं लांब व्हता, कोन बोलतं दिसतच नव्हता. एकाचं एक नाय. तू अंतर मोजतेस ना?"

"हो."

"मंग तू सांग. खरं सांग. किती लांब व्हता तो तुझ्यापासनं?"

चौकशीत मी हे अंतर मीटरमध्ये सांगितलं होतं. तोच आकडा माझ्या जिभेवर आला. तिच्या हाताला खवलं चिकटली होती, ती उन्हात चमकत होती. आकडा मी गिळला.

"हाकेवर होते, वहिनी."

सुरी थांबली.

"हाक मारलीस?"

"मारली. हरेशदादा म्हणून मारली."

"मंग?"

हे मला कोणी विचारलं नव्हतं. सगळे ओरडत होते, दोर फेकत होते, वारा होता. ज्याला जे ऐकू आलं ते त्याच्यापाशी राहिलं.

"त्यांनी ओ दिली."

 बाजारात कोणीतरी भाव ओरडत होतं.

"कशी दिली?"

मी आठवलं. आठवायला लागलं नाही खरं तर, तो आवाज रोजच असतो.

"घरातून कोणी बोलावलं की देतात ना, तशी. येतोच म्हणाल्यासारखी."

रंजनावहिनीनं मान खाली घातली. हलव्याचा उरलेला तुकडा तिनं पाटावर सरळ केला, परत सरळ केला.

"म्हंजे एकला नव्हता," ती म्हणाली. मग बाजूला उभ्या असलेल्या गिऱ्हाइकानं काहीतरी विचारलं, तेव्हा तिनं वर न बघता ओला हात नुसता उचलला आणि त्या बाईला गप्प राहायला सांगितलं.